मी सांगितलेला सिनेमा

४ जानेवारी, रविवार
वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जुने बंगाली सिनेमे सुरू झाले. दर रविवारी, फुकट. बायकोला घेऊन गेलो. हिला पडद्यावर नुसत्या सावल्या दिसतात, म्हणून मी कानात सांगत बसतो. खाली इंग्रजी अक्षरं येतात, पण फार घाईत जातात. तशी बंगाली मला अंदाजाने कळते.

७ जानेवारी, बुधवार
हिच्या डोळ्यांचा रिपोर्ट आला. हिला बाहेर बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे, ऑपरेशन लगेच करा. गेलेली नजर परत येणार नाही, पण राहिलेली वाचेल. या वयात कापाकापी? हिला सांगितलं, थेंब घालायचे, बाकी काही नाही. ही म्हणाली, एवढंच सांगायला त्यांना अर्धा तास लागला होय. रविवारनंतर नीट सांगेन. मी घाबरलेलो नाही. विचार करतो आहे.

११ जानेवारी, रविवार
आजचा सिनेमा: गळकं घर, कोरडी खोली एकच. ती म्हातारीला द्यायची की नव्या सुनेला? मुलगा नुसता दारात उभा. शेवटी म्हातारीच गाठोडं बांधून भावाकडे निघून जाते. असल्या मुलाला काय म्हणावं. दोन शब्द बोलायला काय जातं?
हिला सांगितलं, म्हातारी राहिली, सगळे हसले. उगाच कशाला रडवायचं.

१४ जानेवारी
आज सांगणारच होतो. पण हिने एकटीने चहा केला, जराही सांडला नाही. म्हणजे थेंब लागू पडताहेत.

१९ जानेवारी
लेकीचा फोन. म्हटलं, आई ठणठणीत आहे. ही मागून म्हणाली, तुझ्या बाबांना खोटं बोलताना खोकला येतो बघ. सर्दी आहे मला.

२५ जानेवारी, रविवार
शेजारच्या मास्तरीणबाईंनी जिन्यात हिला सांगून टाकलं, अहो, त्या सिनेमात म्हातारी घर सोडून जाते. नको तिथे नाक. संध्याकाळी ही म्हणाली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आता तरी खरं सांगा. मी म्हणालो, मास्तरीणबाईंचा चष्मा बदलायला झाला आहे.
हिने पुन्हा विचारलं नाही.

३१ जानेवारी
ठरलं. सोमवारी ऑपरेशनची तारीख घ्यायची. शर्टाला इस्त्री केली.

२ फेब्रुवारी, सोमवार
पोट बिघडलं. माझं. पुढच्या सोमवारी नक्की.

८ फेब्रुवारी, रविवार, रात्री
सिनेमा संपला. माणसं उठली. मास्तरीणबाई खुर्च्यांच्या घड्या घालू लागल्या. ही बसूनच. म्हणाली, संपला ना, मग दिवे का लावत नाहीत?
दिवे केव्हाच लागले होते.
मी म्हणालो, वीज गेली आहे. डोक्यावर पंखा घरघरत होता. ही वर तोंड करून जरा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, बरं.
दोघं वीज यायची वाट बघत बसलो.