श्रीहर्षच्या फाशीबद्दल माझं ठाम मत

चामराजपेट, बेंगळूरु
सोमवार

तीर्थरूप ठकुबाई अक्कास,

धाकट्या मल्हाररावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कोल्हापुरात जिने फार, हे मी तुझ्या लग्नातच सांगितलं होतं. आठ दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. माफीचं समजून फोडलं असशील तर पुन्हा चिकटवून टाक. माफी मी मागणार नाही.

तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचलंय, म्हणून मूळ हकिगत देतो. तुझ्या श्रीहर्षच्या मालिकेचा शेवटचा भाग आम्ही इथल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावला. साठ माणसं आणि बिसीबेळे भात. खुन्याचा सख्खा मामा म्हणून मला पहिल्या रांगेत मधली खुर्ची. (खुनी मालिकेतला, पण इथल्या दोन म्हाताऱ्या अजून माझा हात धरून मला धीर देतात.) नंतर चर्चा झाली. इन्स्पेक्टरला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, त्याच्याकडे मिशी सोडून काही नव्हतं तरी. मग सगळे श्रीहर्षच्या फाशीवर आले. शेजारचा यल्लाप्पा, ज्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तोसुद्धा डोळे पुसत म्हणाला, "चेन्नागि माडिदाने, अण्णा." म्हणजे फार छान केलं. तेव्हा मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मी माइक घेतला आणि फाशीचा प्रसंग साफ फसलाय, असं सांगून टाकलं. तेवढंच कुणीतरी मोबाइलवर टिपून तुला धाडलं.

आता कारण ऐक. फाशीआधी तुरुंगातला न्हावी त्याचं डोकं भादरतो आणि हा पठ्ठ्या हूं की चूं करत नाही. अक्का, याचं जावळ माझ्या मांडीवर काढलंय. वस्तरा दिसताच त्याने असा गळा काढला की न्हावी दोनदा उठून गेला. (माझ्या नव्या धोतराचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.) तो मुलगा वस्तऱ्याखाली गप्प बसेल? त्याला मी जास्त ओळखतो की तो दिग्दर्शक? फाशीबद्दल तर बोलायलाच नको. दोर खोटा, तख्त खोटं, सगळंच खोटं. आमची सोयराबाई म्हणते, भाच्याचं कौतुक करताना तुमची जीभ का अडते? अडत नाही. आमच्या घरात उगाच कौतुक करायची पद्धत नाही, आणि साठ वर्षांनी ती मी मोडणार नाही.

मी माफी मागेपर्यंत श्रीहर्ष चामराजपेटेत पाऊल ठेवणार नाही, असं तू म्हणे ठरवलंयस. म्हणजे येत्या रविवारचा त्याचा सत्कार बारगळला. बारगळू दे. शाल आणलेली आहे, ती मी पांघरेन.

मतावर कायम असलेला,
तुझा मल्हारी

ता. क. शाल मला आखूड होते. त्याच्या मापाने घेतली होती.

आणखी एक. वस्तऱ्यापर्यंतच मी पाहिलं. दोर दिसल्यावर डोळे मिटले, ते दिवे लागल्यावर उघडले. फाशी मी पाहिलेलीच नाही. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला ते सहन झालं नाही. हे सोयराबाईला कळवू नकोस.

त्याला रविवारी पाठव, अक्का. मी स्टेशनवर उभा असेन. माफी मागायला नव्हे. एकदा त्याच्या मानेवरून हात फिरवून बघायचाय.