जॉनच्या आईची सही

बेटीबाय,

मी मनोरीला जातेय, जॉनच्या आईकडे. लंडनहून अर्बनचं पत्र आलं. पहिला नवरा वारल्याचा कागद दाखवल्याशिवाय लंडनच्या कचेरीत आमचं लग्न लावणार नाहीत. जॉन कामाला होता त्या बोट कंपनीनं तर तो लढाईत बेपत्ता, एवढंच कळवलेलं. वकील म्हणाले, "बारा वर्षांत मुलाची काही खबर नाही, असं आईनं लिहून द्यावं. मग कोर्टात बघू."

बाबांना यातलं काही बोलू नकोस. कालवण चुलीवर आहे, तेवढं गरम कर.

काल म्हातारीचा निरोप आला, "लवकर ये, तुला काहीतरी दाखवायचंय." ते जॉनच्या हातचं पत्र निघालं, तर अर्बनला काय लिहायचं, ते मला सुचत नाही. तू विचार करून ठेव.

तुझी बहीण,
सेराफिना