मेहुण्याच्या शर्यती आणि माझं मार्गदर्शन

१ जानेवारी १९६१, रविवार
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प तीन.
एक, पहाटे उठणे. उद्यापासून. आज रविवार आहे.
दोन, फॅक्टरीचं क्वार्टर मिळेपर्यंतच सासुरवाडीत राहणे. बंगलोरचे लोक मला घरजावई म्हणतात. साफ चूक. मी पुण्याहून इथे नोकरीला आलो, वेटिंग लिस्टवर आहे. त्याला तीन वर्षं झाली, इतकंच.
तीन, मेहुण्याला या वर्षी शर्यत जिंकून देणे.

मेहुणा म्हणजे कावेरीचा धाकटा भाऊ हयवदन. मोटारींच्या शर्यतीत भाग घेतो. क्लबातले सगळे म्हणतात, असा हात गावात दुसरा नाही. पण चार वर्षांत एकही शर्यत जिंकलेला नाही. पहिल्या वर्षी दोनदा दुसरा आला, तेव्हा बिचाऱ्याला मॅनेजर नव्हता. मग मी आलो.

मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. त्याने काही बिघडत नाही. पंचांग सांगणारा भटजी काही सूर्य फिरवत नसतो. मी फॅक्टरीत प्लॅनिंगला आहे. स्टॉपवॉच माझ्या खिशात असतं.

क्लबची स्मरणिका निघणार आहे. तिच्यासाठी 'हयवदन: एका कारकिर्दीचं मूल्यमापन' हा लेख मी लिहीन, असं सेक्रेटरींना सांगून आलो. 'बघू' म्हणाले. म्हणजे ठरलं.

२६ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळी
होसकोटेच्या वाटेवर लढाईच्या वेळची जुनी धावपट्टी आहे, तिथे शर्यत. गाडी जितकी हलकी तितकी वेगवान, हे शास्त्र. म्हणून मी पेट्रोलचा हिशेब करून लागेल तेवढंच भरायला लावलं. हयवदन म्हणाला, भावजी, अजून स्वल्प घालूया का? मी म्हटलं, शास्त्रात स्वल्प नसतं. सरी, म्हणाला, म्हणजे बरं.

शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्यांच्या पुढे. शेवटच्या फेरीत गाडी थांबली. पेट्रोल संपलं. तो उतरून ढकलत होता आणि कूर्गचा कॉफीमळेवाला हात हलवत पुढे गेला.

मूल्यमापन: पाय जड. ॲक्सिलरेटर दाबण्यात उधळपट्टी.

सकाळी उठणं जमलेलं नाही. थंडी.

५ मार्च, रविवार
सिग्नलची नवी पद्धत बसवली. धावपट्टीच्या कडेला मी उभा. पिवळा पंचा म्हणजे जोर कर, लाल पंचा म्हणजे शाब्बास. आज तो इतका पुढे होता की मला राहवेना. लाल पंचा दोन्ही हातांनी फडकवला. पठ्ठ्याने गाडी थांबवली.

लाल म्हणजे 'थांब', असं आधी ठरलं होतं. मग मी ते बदललं. बदल कागदावर लिहून ठेवला होता. कागद माझ्याच खिशात राहिला, हे मान्य. पण ड्रायव्हरला अंदाज नको?

सातवा आला. मूल्यमापन: प्रसंगावधान कमी. आज्ञाधारकपणा मात्र उत्तम. हा माझ्या शिस्तीचा परिणाम.

१६ एप्रिल, रविवार
पूर्वेकडच्या वळणावर त्याचा वेळ जातो, अशी माझी थिअरी. ती तपासायला वळणावरच उभा राहिलो, स्टॉपवॉच घेऊन. नीट दिसेना म्हणून जरा पुढे सरकलो. चुन्याच्या रेषेच्या किंचित आत असेन. हयवदन पहिलाच आला, मला बघून गाडी वळवली, आणि थेट शेतातल्या कडब्याच्या गंजीत. मला खरचटलंसुद्धा नाही. त्यालाही नाही. गंज शेतकऱ्याची होती, तो बराच वेळ कन्नडमध्ये बोलत होता.

लोक टाळ्या वाजवत होते. काय हात आहे, म्हणत होते. मीही म्हटलं. मूल्यमापन: एकाग्रता नाही. कडेला उभ्या माणसांकडे बघतो.

घरी सासूबाईंनी मला ताटात तूप जास्त वाढलं. कदर आहे.

७ मे, रविवार
महत्त्वाची घटना. मद्रासच्या एका धनिकाची स्वतःची शर्यतीची टीम आहे. त्यांचा माणूस ४ जूनची शर्यत बघायला येणार. हयवदन जिंकला तर त्याला पगारावर टीममध्ये घेणार. नाही जिंकला तर सासऱ्यांनी सांगून टाकलंय: गाडी विकायची, आणि १ जुलैपासून विमा कचेरीत टेबलावर बसायचं. सासरे, त्रिविक्रमराव, एकदा बोलले की बोलले.

हयवदन जेवला नाही. अंगणात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. मी जवळ जाऊन धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, या वेळी मी पूर्ण लक्ष घालतो. त्याचे डोळे भरून आले.

१४ मे, रविवार
४ जूनचा प्लॅन तयार. टायरची हवा निम्मी (पकड), सकाळपासून उपास (वजन), आणि गाडीत त्याच्या शेजारी मी स्वतः, सूचना द्यायला. नियमात बसतं का ते सेक्रेटरींना विचारायचं.

हयवदनला सांगितलं. सरी भावजी, म्हणाला. आवाज बसला होता. सर्दी असावी.

कावेरीने आज जरा विचित्र बोलणं काढलं. म्हणाली, "त्याला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्ही या घरचे जावई. आम्हा कुणालाच येत नाही." मी म्हटलं, म्हणूनच टीममध्ये एकवाक्यता आहे. ती उठून आत गेली.

२० मे, शनिवार
अधिक महिना लागला. सासूबाई मला तेहतीस अनारशांचं वाण देणार. जावई म्हणजे साक्षात विष्णू, असं इथे मानतात. इथले लोक पंचांगाशिवाय पाऊल टाकत नाहीत. आम्ही पुण्याची माणसं, असल्या खुळचटपणावर माझा विश्वास नाही. पण मोठ्यांचं मन मोडू नये. अनारसे मला आवडतात.

२५ मे, गुरुवार
अनारशाचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास येतो म्हणे. मग वाळवायचे, कुटायचे, गुळात मुरवायचे. सासूबाई पद्मावतीअम्मा स्वतः करतात, मोलकरणीला हात लावू देत नाहीत. आणि पुण्यात लोक विचारतात, तुला तिथे किंमत आहे का.

१ जून, गुरुवार
पंचाईत. वाणाचा मुहूर्त ४ जूनलाच निघाला, रविवारी, भर दुपारी. म्हटलं, शर्यत साडेतीनला आहे, दुसरा दिवस बघा. सासूबाई म्हणाल्या, घरच्या भटजींनी, भीमाचार्यांनी काढून दिलाय, दुसरा दिवसच नाही, विष्णूला ताटकळत ठेवून चालेल का? सासरेही त्यांच्याच बाजूने. हयवदनने तर पायच धरले. म्हणाला, "भावजी, तुम्ही पोटभर जेवा. माझं मी बघतो."

माझ्या मानासाठी पोरगा शर्यतीतलं माझं मार्गदर्शनही सोडायला तयार. पण सोडणार नाही. अडीचपर्यंत जेवण उरकून टॅक्सीने पोचायचं.

४ जून, रविवार, संध्याकाळी
बाराला पाटावर बसलो. शेजारी कावेरी, शालू नेसून. चांदीचं ताट, दिवा, तेहतीस अनारसे. मग जेवण. होळिगे, चित्रान्न, दोन पायस. सासूबाई स्वतः वाढायला. 'अजून स्वल्प' म्हटलं की नाही म्हणवत नाही. शेवटी अनारसे. तेहतीसच्या तेहतीस आजच संपवले तर पुण्य, असं त्या म्हणाल्या. चौदा झाले.

टॅक्सी यायला वेळ होता म्हणून पाच मिनिटं आडवा झालो.

उठलो तेव्हा उन्हं उतरली होती. घरात कुणी नाही. सासूबाई नाहीत, सासरे नाहीत, कावेरीचा शालू खुंटीवर. उशाशी पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र.

साताला सगळे आले. हसत, धुळीने माखलेले. हयवदनच्या हातात कप. पहिला. मद्रासवाल्याने तिथल्या तिथे हात मिळवला. सासरे, जे कधी बोलत नाहीत, ते वळण हाताने काढून दाखवत होते. कडेला पंचा घेऊन कावेरी उभी होती म्हणे. एकच पंचा, पांढरा, घाम पुसायला.

हयवदनने कप माझ्या पायाशी ठेवला. भावजी, तुमचा आशीर्वाद, म्हणाला.

मूल्यमापन: तीन वर्षांच्या माझ्या शिकवणीचं फळ. अखेर मिळालं. मी तिथे नसलो तरी माझी पद्धत तिथे होती.

टायरमध्ये हवा पूर्ण भरली होती, असं कळलं. उपासही मोडला होता.

५ जून, सोमवार
फॅक्टरीत जाताना भीमाचार्य भेटले. म्हटलं, रविवारचाच मुहूर्त निघाला, फार धावपळ झाली. ते म्हणाले, कसला मुहूर्त? अख्खा महिना पुण्याचा, कुठल्याही दिवशी द्या. मला कुणी विचारलंच नाही.

म्हातारे झालेत. विसरले असतील.

दिवसभर काम सुचलं नाही. जेवायच्या सुट्टीत एकटाच बसलो. घरून आणलेल्या डब्यात अनारसे होते. खाताना रडू आलं, आणि ते का, हे मला पक्कं ठाऊक होतं. इथे लिहीत नाही.

१० जुलै, सोमवार
हयवदनची टीमकडून पहिली शर्यत, २३ तारखेला, मद्रासला. घरी जाहीर केलं, मी येतो, रजेचा अर्ज दिलाय. सगळे आनंदाने हो म्हणाले. हयवदन म्हणाला, सरी भावजी. तोच बसलेला आवाज.

लेख स्मरणिकेत आला नाही. जागा नव्हती.

१४ जुलै, शुक्रवार, पहाटे
आज लवकर उठलो. या वर्षात पहिल्यांदा. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. कोपऱ्यात पातेलं, झाकलेलं. उघडून पाहिलं. तांदूळ भिजत घातलेत, कालच घातले असणार.

अधिक महिना संपून महिना झाला.

झाकण हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो. २३ तारखेचा रविवार डोळ्यांपुढे आला. पाट, ताट, अजून स्वल्प, उशाशी तांब्या. आणि तिकडे मद्रासला पोरगा गाडीत बसलेला, कुणाकडेही न बघता.

रजेचा अर्ज आज परत घेईन. फॅक्टरीत काम फार आहे.

तांदळाचं पाणी कुणी बदललं नव्हतं. मी बदललं.