मध्यंतरानंतर नाव बदलायचं नाही

मी, श्रीमती धम्मशीला अश्वजित अवसरमोल, वय वर्षे बाहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका (विषय इंग्रजी), राहणार खामगाव, जिल्हा बुलढाणा, आज रविवारी दुपारी दाराला आतून कडी घालून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही आणि कोणाच्या धाकाने नाही, असे इथे लिहायची पद्धत आहे. पहिले खरे आहे. दुसरे लिहिले तर खोटे होईल, कारण मी धाकात आहे. मला फार भीती वाटते.

माझी बुद्धी शाबूत आहे, असेही लिहावे लागते. सगळे भांडण तिथेच आहे. पोळ्यापासून या घरात कोणीतरी मला वेडी ठरवू पाहत आहे, नाहीतर मी खरोखर वेडी होत आहे. काय ते ठरण्याआधी घर कोणाला द्यायचे हे लिहून ठेवणे भाग आहे. एकदा वेडी ठरले की माझ्या सहीला कोण विचारतो?

१. माझा परिवार. पती अश्वजित एस.टी.त कंडक्टर होते, चार वर्षांमागे वारले. मूलबाळ झाले नाही. घर आम्ही दोघांच्या पगारातून बांधले, त्यांच्यामागे ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरच्या मजल्यावर माझ्या दिराचा मुलगा प्रज्वल राहतो. त्याचे मोटार वायंडिंगचे दुकान आहे आणि तोंड दुकानातल्या मशिनीसारखे कायम चालू. त्याची बायको अश्विनी गोड बोलते. तिला सातवा महिना आहे. भाडे मी घेत नाही, स्वयंपाक खाली माझ्याच चुलीवर सगळ्यांचा एकत्र होतो.

२. आमची रविवारची मंडळी. हे मृत्युपत्रात कशाला, असे वकिलांना वाटेल. वाटू द्या, पुढचे त्याशिवाय कळणार नाही. मी, अश्वजित, माझी मैत्रीण कोकिळा हिवाळे आणि तेल मिलचे माजी मुनीम किसनराव बोचरे, असे चौघे गेली तीस वर्षे दर रविवारी दुपारी माझ्या बैठकीत जुने इंग्रजी खुनाचे पिक्चर पाहत आलो. काळे-पांढरे, हॅट घातलेल्या माणसांचे. आधी भाड्याचा व्हीसीआर, मग सीड्या, आता टीव्हीवरच सगळे मिळते. संवादांचा अर्थ मी सांगायची. नटांची नावे कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. एक भुवई वर करणारा तो भुवईवाला. एक घोगऱ्या, सिगारेट विझू न देणारा. एक बाई नुसती मान वळवून घाबरायची, ती कोकिळाची लाडकी. दिग्दर्शकांतही दोन पक्ष होते. किसनराव सावलीवाल्याचे, जो भिंतीवरच्या सावलीवर अख्खा खून उरकायचा. अश्वजित जिनेवाल्याचे. "जिनेवाला खुनी दाखवत नाई, जिना दाखवते. भेव त्या जिन्यात रायते," असे ते म्हणायचे. कोकिळा म्हणायची, भीती डोळ्यांत दिसली पाहिजे, डोळे मोठे करणारी नटी खरी. अश्वजितना ते पटत नसे. खरा घाबरलेला माणूस चेहरा हलवतच नाही, हे त्यांचे मत.

नियम एकच. पिक्चर मध्यावर आला की थांबवायचा. मध्यंतर. चहा व्हायचा आणि प्रत्येकाने खुनी कोण त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. नाव घेतल्याशिवाय पिक्चर पुढे जायचा नाही, आणि मध्यंतरानंतर नाव बदलायचं नाही. चुकेल त्याने पुढच्या रविवारी शेगावहून कचोरी आणायची. मी नेहमी गोड बोलणाऱ्याचे नाव घ्यायची आणि बहुतेक वेळा हरायची. त्या कचोऱ्यांत माझी पेन्शन गेली म्हटले तरी चालेल.

आणखी एक. आमच्या जिन्यातला बल्ब बैठकीच्या दारासमोर आहे. त्याचा उजेड टीव्हीवर पडतो आणि बटण वरच्या मजल्यावर. अश्वजितचे गुडघे दुखायचे, म्हणून पिक्चर लागण्याआधी ते तिसऱ्या पायरीवर उभे राहून, हात उंच करून, बल्बच सैल करून ठेवायचे. पिक्चर संपला की परत घट्ट. शॉक बसेल म्हणून मी किती ओरडले असेन!

३. किरकोळ वस्तू. सगळ्या सीड्या आणि टीव्ही कोकिळाला. तिने माझा राखाडी स्वेटर नेला तो अजून दिला नाही, तोही आता तिचाच समजावा. वेताची आरामखुर्ची किसनरावांना. त्यांनी एकदा मध्यंतराआधीच "मामानंच मारलं" असे सांगून अख्खा पिक्चर नासवला होता. मी ते विसरलेले नाही, तरी खुर्ची घ्यावी. समोरच्या अन्नपूर्णाबाईंना बैठकीचे पडदे द्यावेत. आम्ही घरात कसले पिक्चर पाहतो, याची त्यांनी कॉलनीभर चर्चा केली होती. पडदे त्यांच्याकडे गेले की इथे आत पाहायला त्यांना अडचण राहणार नाही.

४. घडत काय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तर बैठकीतल्या चार खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून मांडलेल्या. झोपताना त्या भिंतीला होत्या. वाटले, मीच विसरले असेन. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि जिन्यातला बल्ब सैल. तेव्हापासून हे थांबलेले नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी अंधारात त्याच जिन्यावरून घसरले, गुडघा सोलला. प्रज्वलला सांगितले तर तो माझ्यावरच भडकला, "काकू, तुमचं डोकं जाग्यावर हाय काय? दिवसभर खुनाचे पिक्चर पाहून राह्यल्या, दुसरं काय होईन!" अश्विनीने गुडघ्याला हळद लावली, गोड बोलली, आणि दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या कानांनी ऐकले. ती अन्नपूर्णाबाईंना सांगत होती, "काकू आजकाल लय विसरतेत हो." बाई ग! असले पिक्चर मी शंभर पाहिलेत. घर नावावर असलेली एकटी बाई, गोड सून, हळूहळू सरकवलेल्या वस्तू, मग डॉक्टर, मग सही. मला आता जेवण जात नाही. वरून पाय वाजला की पायऱ्या मोजत बसते.

५. आज मंडळी आली तेव्हा मी पिक्चर लावू दिला नाही. सगळे सांगितले, चहा ठेवला आणि म्हटले, हे माझे मध्यंतर समजा, नावे घ्या. मी अश्विनीचे घेतले. कोकिळाने प्रज्वलचे घेतले. किसनराव चहाकडे पाहत बसले.

"मी आज नाव नाई घेत, बाई."

"नियम आहे किसनराव."

"पिक्चर नोहे हे."

"घ्या म्हणते ना!"

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मग तुमचंच घेतो."

कोकिळा त्यांच्या अंगावर धावली. मी त्यांना चालते व्हा म्हटले. तीस वर्षांत पहिल्यांदा. दोघेही गेल्यावर मी कडी लावली आणि हा कागद घेतला.

६. सबब घर व त्यातील सर्व हक्क मी आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या वाचनालयाला देत आहे. प्रज्वल व अश्विनी यांना काहीही मिळू नये, वाटीसुद्धा नाही. मी जिन्यात पडून मेले, तर कोणाला विचारायचे ते वर लिहिलेच आहे.

७. सही करण्याआधी मला पुरावा पाहिजे. किसनरावांच्या तोंडावर फेकायला. कपड्यांना घालायची नीळ घरात आहे. रोज झोपण्याआधी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून मी ती कोरडी पूड जिन्यातल्या बल्बला चोळून ठेवणार आहे. घामाचे बोट लागले की निळे होते आणि साबणानेही लवकर जात नाही. ज्याचे बोट निळे, तो खुनी. जिनेवाल्याने असेच केले असते.

बुधवार. इथून पुढचे वाचणाऱ्याने सावकाश वाचावे. मीही सावकाश लिहीत आहे.

आज सकाळी उठले. चार खुर्च्या मांडलेल्या, बल्ब सैल. मला आनंदच झाला म्हणा ना. स्वयंपाकघरात गेले. प्रज्वल चहा पीत होता, त्याच्या हाताला वार्निश आणि ग्रीस, नीळ नाही. अश्विनी कणीक मळत होती. तिला म्हटले, हात दाखव. तिने दाखवले. पांढरे पीठ, दुसरे काही नाही. मी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. ती पाहत होती माझ्या हातांकडे.

माझा अंगठा आणि दोन बोटे निळी होती.

चूल, कप, प्रज्वलचा आवाज, सगळे लांब गेले. बेसिनवरच्या आरशात मी दिसले. चेहरा अजिबात हलत नव्हता. अश्वजितचे म्हणणे खरे होते.

अश्विनीने मला बेसिनजवळ स्टुलावर बसवले आणि बोटे साबणाने चोळू लागली. म्हणाली, "काकू, मले मालूम होतं. तुम्ही पहाटं उठता, खुर्च्या लावता, बल्ब सैल करता आन् काकाजीले हाका मारता, पिक्चर लागला म्हणून. म्या सांगतलं नाई. तुम्ही घाबरसान न."

"मग अन्नपूर्णाबाईंना का सांगितलंस?"

"त्याईच्या खिडकीतून आपलं दार दिसते. तुम्ही बाहेर निंगाल्या तर त्याईनं आवाज द्यावा म्हणून."

रोज सकाळी कणीक मळून झाली की बल्ब तीच घट्ट करत होती. म्हणजे रोज सकाळी ती सातव्या महिन्याचे पोट घेऊन, भिंत धरत, अंधारात तो जिना उतरत होती. तो अंधार मी केलेला होता. तिचा पाय सरकला असता तर? अक्षर वेडेवाकडे आले आहे, तेवढे चालवून घ्यावे. इतके दिवस मी कोणाला तरी भीत होते. आता भ्यायला दुसरे कोणी उरले नाही आणि त्या भीतीला कडी लावता येत नाही.

प्रज्वल काही बोलला नाही. तो बोलला नाही, हे पाहून मला रडू आले. चहा तसाच ठेवून त्याने दुकानातून वायर आणली आणि दुपारपर्यंत जिन्याचे बटण खाली बसवले, बल्बवर जाळी ठोकली.

८. आज शुक्रवार. कलम ६ रद्द. वकील म्हणतात, सगळे नव्याने लिहून काढा. मी लिहिणार नाही. ते कलम अश्विनीने वाचावे आणि मी तिच्याबद्दल काय समजत होते ते तिला कळावे, लपवून काय करायचे? घर अश्विनी प्रज्वल अवसरमोल हिला. तिच्या एकटीच्या नावावर. प्रज्वलला राग येईल, येऊ द्या. बँकेतल्या ठेवी आधी माझ्या औषधपाण्याला, उरेल ते तिच्या बाळाला. विहाराच्या वाचनालयाला माझी सगळी इंग्रजी पुस्तके आणि कपाट.

९. माझ्याविषयी सूचना. डॉक्टरांनी तपासले आहे. आज मला सगळे समजते, असा दाखला त्यांनी दिला आहे, सोबत जोडला आहे. पुढचे विचारले तर ते म्हणाले, हळूहळू वाढेल. म्हणून सांगते. मला वर जाऊ देऊ नका. बाळ माझ्या हातात द्या, पण कोणीतरी जवळ बसा. मी पहाटे खुर्च्या मांडीन, तेव्हा त्या काढू नका, एका खुर्चीत कोणीतरी बसा. आणि मी अश्वजितना विचारीन. ते वारले असे मला पुन्हा पुन्हा सांगू नका, मला ते दर वेळी पहिल्यांदाच कळेल. शेगावला कचोरी आणायला गेलेत म्हणा. मी वाट पाहीन.

१०. अश्विनी, हे तुझ्यासाठी. एक दिवस मी तुला चोर म्हणेन. जेवणात काही घातले म्हणेन, कॉलनीत ओरडत सुटेन, बाहेरच्या कोणाला बोलावून दुसरे मृत्युपत्र करायला निघेन. हे होणार आहे आणि मला त्याची फार भीती वाटते, मरणाचीही एवढी वाटत नाही. त्या बाईचे ऐकू नकोस. ती मी नाही. कायद्याने मागाहून केलेले मृत्युपत्र चालते, असे वकील म्हणाले. म्हणून मी साक्षीदार असे घेतले आहेत की ज्यांना आमचा नियम ठाऊक आहे. तसा प्रसंग आला तर त्यांनी कोर्टात उभे राहून सांगावे की धम्मशीलाबाईंनी मध्यंतरात, शुद्धीवर असताना, अश्विनीचे नाव घेतले होते. पहिल्यांदा चुकीच्या कारणासाठी घेतले, दुसऱ्यांदा बरोबर. दुसरे खरे धरावे.

हे मृत्युपत्र माझ्या बैठकीत, चारपैकी तीन खुर्च्या भरलेल्या असताना, मोठ्याने वाचून मी सही करीत आहे.

ठिकाण : खामगाव
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) धम्मशीला अश्वजित अवसरमोल
डाव्या हाताचा अंगठा शाईने उमटवला आहे. उजव्याची नीळ अजून गेलेली नाही.

साक्षीदार १ : सौ. कोकिळा दिनकर हिवाळे, खामगाव. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. स्वेटर मी आज परत आणला आहे.

साक्षीदार २ : किसनराव सखाराम बोचरे, खामगाव. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. गेल्या रविवारी मी जे नाव घेतले होते ते बदलून मिळावे, अशी मी आज हात जोडून विनंती केली. बाईंनी नियम सांगितला आणि बदलू दिले नाही.