माझ्या भिंतीवर नुरा चालणार न्हाय

सोमवार, ता. ३ नोव्हेंबर. सकाळ.

तालमीचा सेक्रेटरी अमरसिंह आलता. मागं चार पोरं, हातात नारळ. नारळ बघितला आणि वळखलं, भिंत मागायला आल्यात.

चौकात फुटबॉलची मोठी मॅच दाखवायची तर ती माझ्या भिंतीवर. पडदा लागत न्हाय, भिंतच पडदा. आमचं मालक तालमीचे गोलकीपर, त्यांच्या माघारी ही रीत पडल्या. आधी मला विचारायचं, भिंतीच्या पायाला नारळ फोडायचा, मला खुर्ची टाकायची, मगच मशीन चालू. पेठेत एवढा मान कुणाच्या भिंतीला न्हाय.

इचारलं, कुठली मॅच? म्हणाला, भारताची, काकी. शुक्रवारी चौदा तारखेला. समोरच्या देशाचं नाव तीनदा सांगितलं, माझ्या तोंडात बसंना. म्हणून मी आपलं त्यांना नुसतं पाव्हणं म्हणायचं ठरवलं. कप कुठला? कप न्हाय म्हणाला. गुण? न्हाईत. हरलं ते भाईर? तसं बी न्हाय. मग खेळायचं कशाला? तर म्हणतोय, फ्रेंडली हाय काकी, मैत्रीसाठी.

तिथंच कळलं. नुरा.

मी लहानपणी बाच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या बघितल्यात. नुरा म्हणजे दोघा पैलवानांनी आदल्या दिवशी ठरवून केलेली कुस्ती. वरनं शड्डू, आतनं चहा. शेवटाला दोघांचा हात वर, कुस्ती बरोबरीत. आमचा बा असल्या कुस्तीला उठून चालाय लागायचा.

अमरसिंहाला म्हटलं, माझ्या भिंतीवर नुरा चालणार न्हाय. तो म्हणाला, काकी, फुटबॉलमध्ये नुरा नसतोय. म्हटलं, तू मला शिकवू नको, तुझ्या बारशाचा पाळणा मी म्हटलाय.

गेली पोरं. नारळ तेवढा ठेवून घेतला. चटणीला झाला.

भिंत न्हाय तर मॅच न्हाय. विषय संपला.

सोमवार, संध्याकाळ.

संपला न्हाय. नातू ऋतुराज शाहूपुरीतनं ऑफिस करून आला आणि जेवताना सुरू झाला. आजी, फ्रेंडलीनं रँकिंग सुधारतंय. म्हटलं ते काय असतंय? जगात आपला कितवा नंबर ते. कितवा हाय? पोरगं भाकरी मोडाय लागलं. परत इचारलं. शंभराच्या पल्याड म्हणाला.

म्हटलं, एवढ्या मागचा नंबर रेशनच्या रांगेत आला असता तर मी पिशवी घेऊन घरी आलो असतो.

मग म्हणतोय, कोचला नवीन पोरं बघायची असत्यात. म्हटलं, मग बघायचा कार्यक्रम म्हणा. पोहे खावा, पोरं बघा, कळवतो म्हणा आणि जावा. त्याला माझी भिंत कशाला?

सून क्रांती भांडी घासत हुती, फिसकन हसली. कुणाच्या बाजूनं हसली कळलं न्हाय. माझ्याच असणार.

बुधवार, ता. ५.

समोरच्या चाँदबीकडं गेलतो. माझं लगीन होऊन आलो तवापासनं शेजार. तिचं बी डोकं फिरलंय. म्हणत्या, ताना, दाखव की मॅच, पोरं खुश हुत्यात.

म्हटलं, ज्याला कप न्हाय ती मॅच कसली? तर म्हणत्या, अगं, आपण दुपारी पत्ते कुटतो त्याला कुठला कप हाय? तरी तू हरलीस की दोन दिवस दार उघडत न्हाईस.

म्हटलं, पत्त्यांची गोष्ट येगळी. पत्त्यात इज्जत असत्या.

चाँदबी गालात हसली आणि चहा वतला. निरुत्तर झाली बिचारी.

पत्ते खेळलो. आज कोण हरलं ते लिहायची गरज न्हाय.

शनिवार, ता. ८.

तालमीत मिटिंग हुती. बायामाणसं सहसा जात न्हाईत. मी गेलो. कुणाची टाप हाय मला आडवायची?

निम्मी पोरं म्हणत हुती मॅच बघायची, निम्मी म्हणत हुती फ्रेंडलीत काय राम न्हाय, त्यापरीस आपल्या तालमीची प्रॅक्टिस घ्या. म्हणजे निम्मी पोरं शहाणी हायत. मी मधी हुबी राहून सांगितलं. ही मॅच नुरा हाय. बरोबरीत सुटणार, आजच लिहून ठेवा. आणि नुरा न्हाय निघाली तर भिंत तालमीच्या नावावर, मी परत फुटबॉलवर तोंड उघडणार न्हाय.

अमरसिंह खाली बघून म्हणाला, काकी म्हणतील तसं. एकानं सुद्धा उलटून इचारलं न्हाय. असा वचक लागतोय.

परत येताना चाँदबीचा पोरगा करीम दिसला. त्याचं मटणाचं दुकान हाय, त्या टायमाला तो दुकानात पाह्यजे. तर शिडीवर चढून सोताच्याच घराची भिंत टेपनं मोजत हुता. म्हटलं, काय रं? म्हणाला, कायतरी काम हाय, आजी. आणि अमरसिंह खालनं शिडी धरून! मिटिंगमधनं माझ्या आधी कसा पोचला कुणास ठाऊक. शेजारधर्म म्हणून धरली असंल.

रविवार, ता. ९.

करीमनं भिंतीला पांढरा रंग दिला. एक हात न्हाय, दोन. दिवाळी होऊन गेली, ईद लांब हाय. मग रंग कशाला?

लगीन. दुसरं काय असणार? करीमची पोरगी सना हाय घरात. तिचं ठरलंय आणि मला सांगितलं न्हाय. एवढ्या वर्षांचा शेजार आणि ही तऱ्हा. मी बी दाखवणार न्हाय मला कळलंय म्हणून.

संध्याकाळी सना दळण घेऊन जाताना दिसली. जवळ बोलवून म्हटलं, बाई, संसार नीट कर, सासूला उलट बोलू नको. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, आजी, मी बारावीला हाय.

लाजली.

मंगळवार, ता. ११.

ऋतुराज म्हणतोय, आजी, भिंत न्हाय दिली तरी लोक मॅच बघणारच. म्हटलं बघू. घराघरात मोबाईलवर चोरून बघत्यात म्हणजे काय? तिथंच त्यांचं नाक कापायचं.

डोकं लावलं. शुक्रवारी साडेसातला मॅच. शुक्रवारी साडेसातलाच माझ्याकडं जेवण. मटण, तांबडा, पांढरा. अख्ख्या गल्लीला आवतन. एकीकडं मटण आणि एकीकडं नुरा, यात कोल्हापूरचा माणूस काय निवडंल हे मला कुणी सांगायला नको.

दारोदार जाऊन सांगितलं. सगळी म्हणाली, येतो की काकी. किती वाजता सुद्धा इचारलं न्हाय कुणी, एवढी उतावीळ. अमरसिंह तेवढा म्हणाला, जरा उशीर झाला तर चालंल? म्हटलं, रस्सा कुणासाठी थांबत नसतोय.

चाँदबीला सांगितलं तर म्हणाली, ताना, त्या दिवशी माझ्याकडंच पाव्हणं हायत गं. म्हणजे सनाच्या सासरची. मी हं म्हटलं.

शुक्रवार, ता. १४. दुपार.

मटण करीमच्याच दुकानातनं आणलं. चांगलं दिलं पोरानं, नळ्या घातल्या. वर म्हणतोय, आजी, सांच्याला भांडं उचलायला पोरं पाठवू का? म्हटलं, माझ्या घरातल्या घरात भांडं कशाला उचलायचं? म्हणाला, तसं न्हवं, लागली तर सांगा.

वाटण माझ्या हातानं केलं. क्रांतीला फक्त कांदं दिलं चिरायला. पांढरा असा झालाय की पेठेत दहा वर्षं नाव निघंल.

शाहूवाडीची नणंद आल्या. तिला ऐकू येत न्हाय आणि तिनं माळ घातल्या. तरी पाव्हणी म्हणजे पाव्हणी.

शुक्रवार, सात वाजून गेल्यात.

पत्रावळ्या मांडल्या. नणंदेनं दहीभात खाल्ला.

क्रांती ओढणी आणाय म्हणून भाईर गेल्या ती गेल्याच. ओढणी दारामागं लटकत्या. ऋतुराज ऑफिसातनं आला न्हाय.

भाईर नारळ फुटल्याचा आवाज आला.

साडेसात.

दारात जाऊन बघितलं. चाँदबीच्या भिंतीवर हिरवंगार मैदान. अख्खी गल्ली खाली बसल्या. क्रांती पुढच्या रांगेत, ऋतुराज मशीनजवळ. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं.

लगीन न्हवतं तर.

आत येऊन बसलो. नणंद म्हणत्या, कोण आलं गं? म्हटलं, कोण न्हाय. तिला ऐकू आलं न्हाय. परत इचारलं. तीनदा सांगाय लागलं.

शनिवार, ता. १५.

काल पुढचं लिहायला सवड न्हवती.

रस्सा वाया जाऊ द्यायचा न्हाय म्हणून मी गेलो. मॅचसाठी न्हाय. हाफटाईमला करीमला हाक मारली, भांडं उचला म्हटलं. चार पोरं लगेच उठली, जशी वाटच बघत हुती. चाँदबी म्हणाली, ये ताना. डाव तेवढा माझ्या हातात ठेवला, कारण दुसऱ्यानं वाढलं की तवंग एकाला जातोय आणि पाणी दुसऱ्याला.

भिंतीकडं पाठ करून वाढत हुतो. पण काही लोक त्या बाजूला बसली हुती. तिकडं वाढायचं तर तोंड तिकडंच करावं लागणार. मॅचमधलं पाव्हणं एका गोलनं पुढं हुतं.

तेवढ्यात त्यांच्या एका धटिंगणानं आमच्या पोराच्या कपाळावर कोपर घातला. भळाभळा रगत. म्हटलं, संपलं, आता ह्याला घरी नेत्यात. तर पोरगं डोक्याला पट्टी बांधून परत मैदानात! अमरसिंह माझ्याकडं वळून म्हणाला, काकी, नुऱ्यात रगत येतंय व्हय? म्हटलं, एखादवेळी येतंय. गप जेव.

मग शेवटची दोन-तीन मिनिटं ऱ्हायली असतील. भाईरनं बॉल आला आणि त्याच पट्टीवाल्यानं, त्याच फुटक्या डोक्यानं आत घातला.

कोण एवढ्या मोठ्यानं वरडलं ते मला म्हाईत न्हाय. चाँदबी म्हणत्या मीच. ती कायबी म्हणत्या. हातातला डाव मात्र हातात न्हवता. तो भिंतीला लागून खाली पडलेला, आणि करीमच्या दोन हात रंगावर तांबड्याची ही एवढी मोठी चिळकांडी. अमरसिंहानं मला मिठी मारली. मी बी त्याला धरलं, पडू नये म्हणून.

मॅच एक-एक. बरोबरी!

मी लगेच हुबी ऱ्हायलो. म्हटलं, बघा, सांगितलं हुतं का न्हवतं? बरोबरीत सुटली. नुरा! कुणाचं ध्यान न्हवतं, नाचत हुती सगळी. परत सांगितलं. मग अमरसिंहाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, पैज मी जिंकलो, भिंत माझी ती माझीच, पुढच्या मॅचला नारळ घेऊन या.

त्यानं डोकं खाजवलं. काकी, म्हणाला, भिंत तुमचीच हाय की. तुमच्याकडंच ठेवा.

म्हटलं, म्हणजे?

तो ऋतुराजकडं बघाय लागला. ऋतुराज पायाकडं. शेवटाला माझ्याच नातवानं तोंड उघडलं. आजी, आपल्या भिंतीला न्हाणीची खिडकी हाय. उजवीकडचा गोल बरोब्बर खिडकीवर येतोय. बॉल तिकडं गेला की न्हाणीत जातोय, दिसत न्हाय. एवढी वर्षं आम्ही नुसतं मशीनमधला माणूस वरडला की वरडायचो.

म्हटलं, मग मला कुणी सांगितलं कसं न्हाय? मी एवढी सगळ्या मॅचला पुढं बसायचो.

चाँदबी म्हणाली, पुढं बसायचीस, ताना, पण खुर्ची भिंतीला टेकून. तोंड आमच्याकडं.

खरं हाय. मी गर्दी बघायचो. मॅच संपली की कशी झाली इचारायचो. सगळी म्हणायची, झकास, काकी.

रस्सा संपला. भांडं पुसून खाल्लं मेल्यांनी.

रविवार, ता. १६.

माझ्या भिंतीला दोरी बांधली. क्रांती कपडं वाळत घालत्या. ऊन चांगलं पडतंय त्या बाजूला. भिंत म्हणजे काय फक्त मॅचसाठी असत्या का?

दुपारी चाँदबीकडं गेलतो, डाग घासायला. करीम म्हणाला, आजी, ऱ्हाऊ द्या, मंगळवारच्या आधी मी एक हात मारतो. मंगळवारी काय? तर म्हणे परत मॅच हाय. कप? न्हाय. गुण? न्हाईत. परत फ्रेंडली!

म्हटलं, एक नुरा कमी पडला व्हय? पुरावा गोळा केला पाह्यजे. मी सोता बसून, तोंड भिंतीकडं करून, सुरुवातीपासनं बघणार आणि सगळ्यांपुढं पकडून देणार.

चाँदबीला सहज इचारलं, माझी खुर्ची कुठं टाकणार? ती पत्ते पिसत हुती. वर सुद्धा बघितलं न्हाय. म्हणाली, खुर्ची आपापली आणायची, ताना. जो आधी येतोय तो पुढं.

मंगळवार, ता. १८. दुपार.

मॅच साडेसातला हाय. खुर्ची ऋतुराजला सकाळीच न्यायला सांगितली हुती, इसरला. मीच घेऊन निघतो. उशीर झाला तर मागं बसावं लागतंय, आणि अमरसिंहाचं डोस्कं आडवं येतंय.