चाकाची चिठ्ठी

अण्णा,

तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षे झाली, तरी माझे सध्याचे काम समजावून सांगायला मला फार वेळ लागला नसता, कारण ते तुमचेच काम आहे. फोनवर माणसांशी बोलून त्यांची कामे उरकणारी संगणकयंत्रे आता निघाली आहेत. आम्ही त्यांना एजंट म्हणतो. एजंटाच्या हाताशी काही साधने ठेवलेली असतात: दवाखान्यासाठी म्हटले तर एक भेटीची वेळ देणारे, एक ती बदलणारे, एक रद्द करणारे. एजंटाला साधन दिसत नाही. साधनाला लावलेले वर्णन तेवढे दिसते, आणि ते वाचूनच कोणते साधन उचलायचे हे तो ठरवतो. ही वर्णने मी लिहिते, टिळकवाडीतल्या घरी, दार लावून, एकेक शब्द तोलून. इतरांनी लिहिलेली तपासताना मी दयामाया दाखवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

उद्यमबागेतल्या कारखान्याची तुमची हत्यारांची खोली मला अजून दिसते. दाराला जाळी, जाळीत लहानसा झरोका, आत तुम्ही, आणि प्रत्येक हत्याराला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. प्रत्येकीवर लिहिलेले: हे कशाला, हे कशाला न्हाय, चुकलं तर काय हुतंय. झरोक्याशी उभे राहून कामगार थट्टा करायचे, ‘अण्णांची चिठ्ठी म्हंजे सासूचं बोलणं, संपतच न्हाय!’ तुम्ही हसायचात आणि नवी चिठ्ठी लिहिली की त्यांच्यातल्याच एकाला वाचायला द्यायचात. ‘कळलं का’ असे तुम्ही कधी विचारले नाही. विचारायचात, ‘आता काय करशील, सांग.’ त्याने चुकीचे सांगितले, तर त्याला काही न बोलता चिठ्ठी फाडायचात.

नववीच्या सुट्टीत, लेकीचे अक्षर सुरेख म्हणून, मळलेल्या चिठ्ठ्या तुम्ही मला नव्याने लिहायला दिल्यात. मला त्या अडाणी वाटल्या. घासायच्या एका चाकावर तुम्ही लिहिले होते, ‘हे टेबलावरच्या सावकाश मशीनचं चाक. हातातल्या मशीनला लावायचं न्हाय. लावलं तर फुटतंय.’ मी लिहिले, ‘घासण्याचे चाक.’ मधोमध, खाली रेघ. तुम्ही गठ्ठा घेतलात, वरच्या दोनचार पाहिल्यात. ‘अक्षर झकास हाय गं आक्का,’ म्हणालात, आणि सगळ्या बांधून टाकल्यात. तेवढ्या एका वेळी तुम्ही त्या कोणाला वाचायला दिल्या नाहीत.

आठवड्याच्या आत निपाणीकडच्या एका कामगाराने ते चाक हातातल्या मशीनला लावले. त्याचा उजवा डोळा गेला. मालकांपुढे तुम्ही एकच वाक्य बोललात, ‘चिठ्ठी माझी हाय.’ त्यांनी खोलीची किल्ली काढून घेतली आणि पुढची सगळी वर्षे तुम्ही त्याच कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला बसलात. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी रडू लागले. तुम्ही जेवत होतात. ताटावरून मान वर न करता म्हणालात, ‘रडून काय हुतंय? आता काय करशील, सांग.’ मी शिकत गेले, पदव्या घेतल्या, आणि त्या प्रश्नाच्या वाटेला पुन्हा गेले नाही.

गेल्या महिन्यात खानापूरच्या एका माणसाने दवाखान्यात फोन केला. त्याचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस व्हायचे. ‘आज गाडी चुकली, उद्या येतो,’ असे तो एजंटाला म्हणाला. एजंटाने रद्द करणारे साधन उचलले, आणि ते साधन एका दिवसाची नव्हे, पुढच्या सगळ्या वेळा पुसते. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा यादीत नाव नव्हते. त्याला परत पाठवले. चौथ्या दिवशी तो वारला. नोंदीत उरले ते एवढेच, की रुग्णाने भेटी रद्द केल्या, आणि त्याच्या बायकोला तसेच सांगण्यात आले. ती रोज फोन करते. तिचे बोलणे मी ऐकले आहे. ‘त्यांनी नको म्हटलंच न्हाय वो. उद्या येतो म्हटलं. तुमच्याकडं आवाज असंल की, ऐका की जरा. लोक म्हणत्यात, जिवाला कंटाळला असंल.’

तिला द्यायचे उत्तर आमच्याकडे मी लिहायचे ठरले, कारण माझी भाषा नेमकी. मी लिहिले, ‘उपलब्ध नोंदीनुसार सदर भेटी रुग्णाच्या दूरध्वनीनंतर रद्द झाल्या आहेत.’ या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. ते उत्तर काल तिला गेले.

साधनाचे वर्णन मी आता दुरुस्त केले आहे. तुमच्या चिठ्ठ्यांसारखेच लांबलचक झाले आहे. बैठकीत मी म्हणाले, की असे काही होईल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. अण्णा, ते आले होते. ‘वेळ फक्त बदलायची असेल तर हे वापरू नये, पुसलेल्या वेळा परत मिळत नाहीत,’ ही ओळ मी पहिल्या मसुद्यात लिहिली होती. पुन्हा वाचताना अडाणी वाटली, म्हणून खोडली.

खानापूरच्या त्या बाईंचा पत्ता माझ्यापाशी आहे, आणि मी हे तुम्हाला लिहीत बसले आहे.