पुन्हा लग्न न करण्याची शपथ

मंगळवार, ३ ऑक्टोबर २००६, मँचेस्टर

पीएचडीच्या प्रबंधाचं चौथं चॅप्टर परत आलं. समासात सुपरवायझरचं पेन्सिलीतलं अक्षर: ‘महत्त्वाकांक्षी बाई?’ डोकंच फिरलं. चारशे वर्षांपूर्वीची जर्मन काउंटेस, ऐन तिशीत नवरा गेलेला, पदरात तीन मुलं. दीर म्हणतात, तू विधवांसाठी ठेवलेल्या त्या लहान गढीत जा, मुलं इथेच राहतील. ती म्हणते, जाणार नाही. यात महत्त्वाकांक्षा कुठून आली? दिरांचा डोळा जहागिरीवर, पण ते ‘कर्तव्यदक्ष’!

"यू आर टेकिंग साइड्स," म्हणे. हो, घेतेय.

शनिवार, ७ ऑक्टो.

मैत्रिणीकडे, वैशालीकडे. तिच्या नवऱ्याचे, मंदारचे भाऊ, सुधीरदादा, नागपूरहून आलेत. जुलैत मंदार गेला तेव्हा त्यांना व्हिसाच मिळाला नव्हता. दारातच रडले. मग गप्पपणे सिंकमधली सगळी भांडी घासली. माणूस वाईट नाही. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

वै.च्या लेकीने, सईने त्यांना बजावलं, "काका, तुझा बॅग माझ्या रूममध्ये नाही ठेवायचा." वै.ला हसू आलं. कित्येक दिवसांनी.

वै.चं गणित असं: हॉस्पिटल तिच्या लॅबच्या नोकरीवर तिच्या नावाने वर्क परमिट काढायला तयार आहे. आतापर्यंत ती मंदारच्या व्हिसावर होती. पण लॅबमध्ये लेट शिफ्ट आहेत, आणि सई सहा वर्षांची. सासूबाई थोडे महिने आल्या तर सगळं जमेल. नाही आल्या तर शिफ्ट नाही, शिफ्ट नाही तर नोकरी नाही, आणि मग इथे राहणंच नाही.

रविवार, ८

पुन्हा तिथेच, जेवायला. वरण-भात संपला आणि दादा बोलले.

"आई यायला तयार आहे. फक्त वैशाली, तू एक शब्द दे. पुन्हा लग्नाचा विचार करणार नाहीस. सई आमच्या मंदारची आहे. उद्या कोणी परका माणूस..."

वै. ताटं गोळा करायला लागली. मलाच राहवलं नाही. "दादा, वैशाली गेली असती तर मंदारकडून घेतला असता का हा शब्द?"

"तुम्ही शिकलेल्या आहात. पण हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

ट्रॅममध्ये बसले तरी कानशिलं तापलेलीच होती. काउंटेसकडूनसुद्धा हेच मागितलं होतं. अगदी हेच! मुलांची पालक म्हणून राहायचंय? मग पुन्हा लग्न करणार नाही अशी शपथ घे. मोडलीस तर मुलं दिरांची. मी हे किती वर्षं वाचतेय, टिपणं काढतेय, पण जेवणाच्या पानावर असं कधी ऐकलं नव्हतं.

बुधवार, ११

इथल्या मराठी मंडळाच्या एका काकूंचा फोन. दिवाळीच्या कार्यक्रमाला वै.ला बोलवायचं की नाही, यावर म्हणे चर्चा चालू आहे. "तिलाच अवघडल्यासारखं होईल ना गं." मी म्हटलं, "अवघडल्यासारखं कोणाला होणार आहे ते मला कळलं, काकू." फोन आपटला. असं बोलायला नको होतं? बोलायलाच हवं होतं.

गुरुवार, १२

दुपारी वै.च्या ब्रेकमध्ये हॉस्पिटलच्या कॅन्टीनला गेले. तिला काउंटेसची सगळी गोष्ट सांगितली. शपथ घेतली, मुलं मिळवली, पंधरा वर्षं जहागीर चालवली, औषधं बनवून गावाला दिली, मोठ्या मुलाच्या हाती कारभार सोपवला. मला वाटलं, तिला धीर येईल.

"म्हणजे ती हरलीच की," वै. म्हणाली.

"हरली कशी? मुलं ताब्यात..."

"स्वतःचीच मुलं तिला विकत घ्यावी लागली. आणि तू खूश." सँडविच अर्धं टाकून उठली. "मला लग्न करायचंच नाहीये गं. मंदारशिवाय कोणाचं नावही सुचत नाही. पण ते मी ठरवीन. आणि तुझी ती बाई पुन्हा मध्ये आणू नकोस."

घरी येऊन चॅप्टर उघडलं. मथळा: ‘एका विधवेचा विजय’. माझाच. सुपरवायझरवर एवढी चिडले होते, आणि मी तरी काय केलं? तिला शपथ घ्यावी लागली यावर दोन ओळी, तिने ती कशी पाळली यावर सात पानं कौतुक. मथळा खोडला. नवा सुचत नाही.

शनिवार, १४

वै.ने बोलावलं, फक्त ‘शेजारी बस, बोलू नको’ या अटीवर. बोलले नाही. ओठ आवळून बसले.

तिने दादांना चहा दिला आणि उभ्यानेच म्हणाली, "दादा, शब्द देणार नाही. लग्न करीन म्हणून नाही. मागितलात म्हणून."

"मग आई येणार नाही."

"बरं."

"सईला घेऊन जातो मग. तिथे सगळे आहेत."

"सई इथेच राहील. तुम्ही कधीही या. हे तुमचंही घर आहे."

दादांनी चहाचा कप उचलून सिंकमध्ये विसळला. मग म्हणाले, "मंदारसारखीच हट्टी आहेस." ते रागाने म्हणाले की कसं, मला अजून कळलेलं नाही.

रविवार, २२

दादा नागपूरला परत गेले. काल लक्ष्मीपूजन झालं. मंडळात वै. गेली नाही, मीही नाही. तिच्याकडे आम्ही तिघींनी पणत्या लावल्या. सईला सांभाळायला आम्ही चाइल्डमाइंडर शोधतोय. परवडणारी दूर राहते, जवळची शिफ्टच्या वेळा ऐकून नाही म्हणते. हॉस्पिटलने महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय.

आज सकाळी नागपूरहून फोन. सासूबाई. वै.ने स्पीकर लावला, हात पिठात होते.

"हो म्हटलं असतंस तर किती सोपं झालं असतं, वैशाली."

"कोणाला, आई?"

वै. पुन्हा पीठ मळायला लागली. मी पुढे होऊन बघितलं, लाइन कट झाली असेल म्हणून. झाली नव्हती. सासूबाई अजून फोनवरच होत्या.